हातचं राखून

पहिल्या आराखड्यात मी मनगटाला बिजागरी समजलो.
एक आस, एक मोटर, दोन पट्टे.
ल्युब्लियानात नोव्हेंबरचं धुकं
प्रयोगशाळेच्या काचेला नाक लावून बसलेलं,
आणि मी स्वतःचाच उजवा हात आत घालून
म्हणालो, चालू.

वीस अंशांपर्यंत ठीक होतं.
मग पट्टा कातडीवरून सरकला,
कोपर उचललं गेलं,
आत एक हाड दुसऱ्याला म्हणालं, जरा सरक की.
आठ हाडं असतात तिथे, वाळूतल्या खड्यांएवढी.
हात वळतो तशी आस त्यांच्यातून भटकते,
एका ठिकाणी घर करत नाही.
लाल बटण उजवीकडे होतं. उजवा हात यंत्रात.
शेवटी हनुवटीने दाबलं.
(बटणाची जागा दुसऱ्या दिवशी बदलली.
त्या सुधारणेचं श्रेय माझ्या भीतीला.)

अल्बिना कोगेय बाई इद्रियाहून यायच्या,
सुनेच्या गाडीतून, घाटाच्या वळणांनी मळमळत.
पाऱ्याच्या खाणीचं गाव ते.
बाप जमिनीखाली, आई उशीवर वाकून लेस विणणारी,
आणि सहाव्या वर्षापासून ही पोरही.
झटका आला त्या सकाळी
सात जोड्या लाकडी फिरक्या
टाचण्यांना लटकून तशाच राहिल्या.
उजवं मनगट आत दुमडलेलं, मूठ घट्ट,
जणू कुणी काही मागायला येणार आहे.

मी त्यांना पडद्यावर चेंडू दिला.
डावीकडून उजवीकडे न्या, म्हटलं.
एकशेऐंशी फेऱ्या, सगळ्या यशस्वी.
आलेख इतका गुळगुळीत की मी त्याचा फोटो काढला.
बाई खिडकीबाहेर बघत होत्या.
"मी घरी जाऊ का," त्यांनी विचारलं,
"की तुझं यंत्र अजून दमलं नाही?"

कुणी हातचं राखून काम केलं
तर आपण त्याला नावं ठेवतो.
त्या रात्री मला नेमकं तसलंच यंत्र हवं होतं.
आळशी. रेंगाळणारं.
बाई दोन अंश हलल्या तर चिमूटभर जोर देणारं,
नाहीच हलल्या तर आधी थांबणारं.
पण किती थांबायचं?
मी अर्धा सेकंद लिहिला.
फिजिओथेरपिस्ट नेवा म्हणाली, एक; जास्त झालं तर रडकुंडीला येतात.
बाई म्हणाल्या, चार.
"एवढी घाई असती तर लेस विणली असती का?"

मग त्यांनी पर्समधून एक फिरकी काढली
आणि माझ्या काळ्या रबरी मुठीवर ठेवली.
"ही मूठ धरून मी काय ट्राम चालवू?"
फिरकी मी तराजूवर टाकली. चौदा ग्रॅम.
माझ्या गिअरांचं नुसतं घर्षण
त्याच्या कितीतरी पट निघालं.
म्हणजे त्या मनगटाने आतून ढकललं असेलही,
आठवडाभर, पंधरा दिवस,
आणि मला ते ऐकूच गेलं नसेल.

यंत्राचे दात काढले.
पोलादी तार लावली, पाझरता नळ बदलावा तशा
एकेक जागा तपासत, जिथे जिथे जोर गळत होता.
डिसेंबर गेला. जानेवारीत तार दोनदा तुटली.
फिरकीच्या वजनाने मूठ आपोआप कलली
तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते
आणि सांगायला कुणी नव्हतं.

फेब्रुवारी, मंगळवार, तिसरी फेरी.
सेकंद मोजत मी पडद्याकडे बघत होतो:
एक, दोन, तीन.
मूठ अकरा अंश वळली.
मोटरच्या प्रवाहाची रेघ
शून्यावर आडवी झोपलेली.

मला वाटलं, वायर सुटली.
गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरलो,
एकेक जोड चाचपला.
सगळे जागच्या जागी.

वरून बाईंचा आवाज आला:
"खाली काय शोधतोयस रे?
मी इथे आहे."